उजवीकडचा माणूस

"इथं एक माणूस होता, बेटा."

हसनचाचांचं बोट चौकटीच्या उजव्या कडेपाशी थांबलं होतं, काचेला न लागता. एकतीस वर्षं शाळेत शिपाई म्हणून काढून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला माणूस. पुसलेल्या काचेवर बोट टेकवणं त्यांच्या हातून होणारच नाही.

मी ओठांत धरलेले दोन बारीक खिळे काढले आणि विचारलं, "कुठला माणूस?"

"पाणी घेऊन उभा होता तो. पखालवाला."

मी चित्राकडे पाहिलं. खरं सांगायचं तर मी शाबासकीची वाट बघत होते. चौकट काळ्या पट्टीची, कोपरे असे जुळलेले की नख जायला जागा नाही, काच आरशासारखी. आणि हे गृहस्थ चित्रात नसलेल्या माणसाची चौकशी करत होते.

ही गोष्ट शहाऐंशी सालच्या मे महिन्यातली. नगरच्या कापडबाजारात आमचं चौकटींचं दुकान होतं, म्हणजे रस्त्याकडे तोंड केलेली एक लांबट खोली. दादा, माझे वडील, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला आत्याकडे गेले होते, आणि दुकान पहिल्यांदाच पूर्णपणे माझ्या ताब्यात आलं होतं. मी चोवीस वर्षांची होते. दादांपेक्षा माझा हात चांगला आहे असं माझं अगदी प्रामाणिक मत होतं. दादा एका चौकटीला अर्धा दिवस लावत, तेवढ्यात मी चार उडवत असे. त्यात ऐन लग्नसराई. एका भिंतीला नवरानवरी आणि दुसऱ्या भिंतीला गेलेली माणसं असे फोटो ओळीने वाळत पडलेले, आणि मधोमध मी, कुणालाही पुरतं वाक्य बोलू न देणारी.

आमच्याकडे सगळ्यात जास्त काम यायचं ते कॅलेंडरच्या देवांचं. वर्ष संपलं की लोक लक्ष्मी, दत्त, मारुती गुंडाळी करून घेऊन यायचे. खालच्या तारखा कापायच्या, छापलेलं दुकानाचं नाव कापायचं, आणि देव बरोबर मध्यावर येईल असं दोन्ही अंगांनी बेतायचं. एखाद्या चित्रकाराने लक्ष्मी जरा डावीकडे काढली असेल तर उजवीकडचा हत्ती निम्मा गेला तरी चालेल, पण लक्ष्मी मध्यावर आली पाहिजे. दादांनीच शिकवलेला हा नियम. मी तो दहा वर्षं पाळत आले होते.

हसनचाचांचं चित्र देवाचं नव्हतं. जुनं विलायती छापील चित्र, वर हाताने भरलेले रंग. एका मोठ्या तंबूत मराठ्यांचा सरदार, निजामाचा सरदार आणि एक गोरा सेनापती. म्हैसूरच्या मोहिमेआधी या तिघांनी एकत्र लढायचं ठरवलं आणि हातात हात दिले, तो प्रसंग. भोवती भालदार, चवऱ्या, घोडे, एका हत्तीची सोंड. खाली इंग्रजीत बारीक अक्षरांची ओळ. चित्रकाराने का कोण जाणे, ही तीन मोठी माणसं मध्यावर न काढता डावीकडे सरकवली होती आणि उजवीकडची चार बोटं जागा मोकळ्या आकाशाला आणि किरकोळ माणसांना देऊन टाकली होती. मला ती त्याची चूक वाटली. मी पट्टी ठेवली, सुरी ओढली आणि तिघांचे हात चौकटीच्या बरोबर मध्यावर आणले.

"सोमवारी आणून दिलं तेव्हा मी सांगत होतो की तुला," चाचा म्हणाले. "तू हो हो म्हणालीस."

म्हणाले होते. चाचा काहीतरी लांबलचक सांगत होते, आणि मी एका नवरीच्या आईशी पट्टीच्या रंगावरून वाद घालता घालता त्यांच्याकडे बघून मान हलवत होते.

"कापलेला तुकडा असेल ना? मागून चिकटवून घेऊ. जोड दिसला तरी चालेल मला."

माझी नजर आपोआप कोपऱ्याकडे गेली. तिथे चिकटवायचा सरस पातळ ठेवण्यासाठी शेगडी असायची, आणि दिवसभरात कापलेले कागद, पुठ्ठे, भुसा असं सगळं तिच्या पोटात जायचं. चाचांनी माझ्या नजरेमागे नजर नेली.

"जळाला?"

"हो."

ते बाकावर बसले. त्यांनी मला झापावं असं फार वाटत होतं मला. दुकानात चार माणसं होती, सगळ्यांसमोर त्यांनी आवाज चढवला असता तर मीही चढवला असता आणि मग मला बरं वाटलं असतं. ते नुसते गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले.

"राहू दे," शेवटी म्हणाले. "तुला काय माहीत."

मी गिऱ्हाइकांना संध्याकाळी यायला सांगितलं, चाचांना पाणी दिलं आणि समोर बसले. "तुमच्या घरातले होते का ते? पूर्वज?"

"ते कसं सांगू? चित्रावर त्याचं नाव थोडंच लिहिलंय. पण पखाल आहे म्हणजे आमच्यातलाच कुणीतरी. माझ्या बापानं जन्मभर पाठीवर पखाल घेऊन नगरच्या रस्त्यांवर पाणी मारलं. मी शाळेत लागलो तर तिथंही पाणीच. सकाळी सहाला जाऊन रांजण भरायचे." त्यांनी पेला खाली ठेवला. "माझी नसीम माहीत आहे ना तुला?"

माहीत होती. शाळेत माझ्या दोन वर्षं मागे होती. हुशार, आणि कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली.

"ती सहावीत होती तेव्हाची गोष्ट. इतिहासाचा तास चालला होता, मी बाहेर व्हरांड्यात रांजण भरत होतो. सरांनी विचारलं, कुणाकुणाच्या घरातलं माणूस लढाईत होतं, हात वर करा. जगताप, काळे, भापकर, सगळ्यांचे हात वर. हिनंही केला. सर म्हणाले, तुझं कोण होतं? ही म्हणाली, नाव माहीत नाही सर, अब्बांना माहीत असेल. तर सगळा वर्ग हसला. अब्बा दाराबाहेर बादली घेऊन उभा. सगळ्यांना दिसत होता की."

"मग?"

"सर पोरांवर ओरडले. म्हणाले, नसीम, उद्या विचारून ये. घरी आली आणि जी रडायला लागली, जेवलीसुद्धा नाही. मी जवळ घेतलं, काय झालं म्हटलं. मला काही माहीतच नाही असं दाखवलं. तर म्हणाली, अब्बा, लढाईत आपलं कोण होतं? मी काय सांगणार? माझ्या आज्याचं नाव मला ठाऊक. त्याच्या मागं सगळं कोरं."

बाहेरून सायकल रिक्षा गेली, तिची घंटी संपेपर्यंत ते थांबले.

"पुन्हा कधी विचारलं नाही तिनं. एकदा विचारून बापाला येत नाही असं कळलं की दुसऱ्यांदा विचारायची नाही, असा स्वभाव तिचा. आता दोन महिन्यांपूर्वी पुण्याला मेहुण्याकडं गेलो होतो. जुन्या बाजारात हे चित्र दिसलं. मी लगेच ओळखलं. आपल्या शाळेत हेडसरांच्या खोलीत हेच आहे. सव्वीस वर्षं रोज पुसलंय मी ते, डोळे मिटून सांगीन कुठं काय आहे. पण त्याच्यात हा नव्हता. आणि ह्याच्यात कडेला हा उभा. एवढी मोठी फौज निघाली लढायला, तर तिला पाणी कुणीतरी पाजलंच असेल ना? अकरा वर्षं झाली, आपल्याला एवढं सुचलं नाही बघ." ते जरासे हसले. "रविवारी निकाह आहे तिचा. सोलापूरला जाईल. म्हटलं सामानात हे ठेवू, आणि सांगू की हे घे तुझं उत्तर."

मला खाली बघायला तेवढी फरशी पुरत नव्हती.

चाचा उठले. चौकट त्यांनी उचलली नाही. "ही राहू दे इथंच. मी तोंडी सांगेन तिला."

"चाचा, तिने दाखवा म्हटलं तर?"

"नाही म्हणायची ती," असं म्हणून ते पायरी उतरून गेले.

गुरुवार होता. दुपारचे दोन वाजले असतील. मी त्या चौकटीसमोर बसून राहिले. हातात हात दिलेले तिघे माझ्याकडे ढुंकून बघत नव्हते. आणि बराच वेळ स्वतःला शिव्या घालून झाल्यावर माझ्या डोक्यात एक साधी गोष्ट शिरली. चित्रं छापतात ती एकाच ठशावरून. एकात माणूस आहे आणि दुसऱ्यात नाही, असं होत नाही. शाळेतल्या चित्रात तो नसेल तर तिथेही कुणीतरी चौकट करताना तेच केलं असणार जे मी केलं. आणि शाळेला ते चित्र मिळालं त्या काळात नगरात चौकटी कोण करत होतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी ऐन सराईत दुकानाला कुलूप घातलं आणि मोजायची टेप आणि पक्कड घेऊन निघाले. वाटेत मनात काय चाललं होतं ते लपवत नाही. एक मन म्हणत होतं, पुठ्ठ्याच्या आड तो माणूस निघू दे. दुसरं म्हणत होतं, दादांनीही कापलेला असू दे, म्हणजे मी एकटीच गाढव ठरणार नाही. दोन्ही मनं माझीच होती आणि दुसरं जरा जोरात बोलत होतं.

शाळेला सुट्टी होती. मुथा सर, आता तेच हेडमास्तर, तेवढे आपल्या खोलीत निकालपत्रकांवर सह्या करत बसले होते. मला त्यांनी ओळखलं. "कुंदा ना तू? फ्रेमवाल्यांची?"

"हो सर. ते चित्र जरा खाली काढून बघायचं होतं."

खिडकीसमोरच्या भिंतीवर ते होतं. तेच तिघे, तोच तंबू, आणि ते बरोबर मध्यावर. इतक्या वर्षांच्या उन्हाने रंग पार उतरले होते. गोऱ्या सेनापतीचा लाल डगला फिक्या गुलाबी रंगावर आला होता.

"का? काय झालंय त्याला? बरं आहे की," सर म्हणाले. "शाळेची वस्तू आहे, उगीच काढाकाढ नको."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. शेगडीसकट. आधी ते सही करता करता ऐकत होते. इतिहासाच्या तासाचा भाग आला तेव्हा त्यांचं पेन थांबलं.

"कोणत्या सरांनी विचारलं होतं?"

"हसनचाचांनी नाव नाही सांगितलं."

"पंचाहत्तर साली सहावीचा इतिहास मीच घ्यायचो." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "अजूनही दरवर्षी विचारतो मी हा प्रश्न. पोरांना आवडतं. कॉलर ताठ करून उठतात एकेक."

"दुसऱ्या दिवशी तुम्ही तिला विचारलं होतं का, सर?"

"आठवत नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे नसेलच विचारलं. विचारलं असतं तर ती काय म्हणाली ते आठवलं असतं."

ते उठले, खुर्ची भिंतीला लावली आणि साठीला आलेला तो माणूस स्वतः खुर्चीवर चढला. मी खालून चौकट धरली. टेबलावरची निकालपत्रकं बाजूला सारून आम्ही ती पालथी ठेवली.

मागची बाजू बघताच मला दादा समोर दिसायला लागले. दोन दोन इंचांवर खिळा, एकही वाकडा नाही. कडांना खाकी कागद, कोपऱ्यांवर घडी घालून बसवलेला. मी हळूहळू कागद सोडवला, पक्कडीने खिळे उपसले आणि मागचा पुठ्ठा उचलला. पुठ्ठ्याच्या आतल्या अंगाला शिसपेन्सिलीने लिहिलेलं होतं. दादांचं अक्षर, एकेक वेगळं काढलेलं:

उजवी बाजू आत दुमडली आहे. शाबूत आहे. कापू नये.

खाली तारीख, सन १९५८.

मी ते दोनदा वाचलं. हा पुठ्ठा खिळे ठोकून बंद केलेला. गिऱ्हाईक तो कधी उघडणार नव्हतं, हेडमास्तर उघडणार नव्हते. म्हणजे दादांनी ते लिहिलं होतं पुढेमागे चौकट खोलणाऱ्या कारागिरासाठी, आणि तो कोण असेल हे त्यांना ठाऊक नव्हतं. माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता. मला तिथेच, मुथा सरांसमोर, रडू आलं. वाटेत दादांबद्दल जे मनात आणलं होतं त्याची एवढी लाज वाटली की सरांनी दिलेला रुमाल घ्यायलाही हात पुढे होईना.

पुढे डोळ्यावर हिरवी पट्टी लावून दादा परत आले तेव्हा मी त्यांना विचारलं, की शाळेचं ते चित्र दुमडलं का होतं. त्यांना काही आठवेना. "मोठी काच मिळाली नसेल तेव्हा," म्हणाले. मी म्हटलं, मग कापलं का नाही? तर म्हणाले, "कागद गिऱ्हाइकाचा, चौकट आपली. आपल्या चौकटीपायी त्याचा कागद कशाला कापायचा?" कॅलेंडरं कापताच की, असं मी म्हणून बघितलं. "कॅलेंडर पुढच्या वर्षी नवं येतं," दादा म्हणाले, आणि चहा मागितला.

तर त्या दुपारी मी ती दुमड उलगडली. जाड कागद होता, फक्त एक पांढरी रेघ उठली होती घडीवर. आणि रेघेच्या पलीकडे तो उभा होता.

अठ्ठावीस वर्षं त्याला ऊन लागलं नव्हतं. तिन्ही सरदार विटून गेले होते, आणि हा काल रंगवल्यासारखा. कमरेला तांबडा भडक शेला, पाठीवर काळीभोर कातडी पखाल, तिच्या ओझ्याने डाव्या अंगाला कललेलं अंग. पलीकडे एवढं मोठं घडत होतं, घोड्यांसकट सगळे तंबूकडे बघत होते. हा तेवढा पखालीच्या तोंडाकडे बघत होता, थेंब वाया जाऊ नये म्हणून.

मुथा सर बराच वेळ टेबलावर दोन्ही हात टेकून वाकून बघत राहिले.

"घेऊन जा हे," म्हणाले.

"सर, शाळेची वस्तू..."

"तुझं ते कापलेलं आण, ते इथं लावू. भिंतीला काही फरक पडणार नाही. इतकी वर्षं आम्ही तेवढंच बघत आलो." ते खुर्चीत बसले. पुन्हा पेन उघडलं, पण सही केली नाही. "मला मात्र आता ते कापलेलं दिसत राहील. दिसू दे."

शुक्रवारी मी दुसरं काहीही केलं नाही. एकाच चौकटीला सबंध दिवस लावला. दादांनाही इतका लागला नसता. चित्र जसं होतं तसंच बसवलं, सगळ्या आकाशासकट. मोठी माणसं डावीकडे राहिली. राहोत. आणि खिळे ठोकण्याआधी मीही मागच्या पुठ्ठ्यावर एक ओळ लिहिली, पण ती इथे सांगत नाही.

शनिवारी दुपारी चौकट चादरीत गुंडाळून झेंडीगेटजवळच्या त्यांच्या घरी गेले. अंगणात मांडव घातला होता. आत बायकांची गाणी चालली होती, मेंदी चालली होती. हसनचाचा पाहुण्यांसाठी घागरीने पिंपात पाणी ओतत होते. मला बघून त्यांना वाटलं मी बोलावण्यावरून आले.

मी चादर सोडली आणि चौकट त्यांच्यासमोर ओट्यावर टेकवून धरली.

त्यांनी आधी उजवीकडेच पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा तिकडे.

"कुठून आणलंस ह्याला?"

"शाळेतून. तुमच्या हेडसरांच्या खोलीतलं आहे हे. दादांनी मागे दुमडून ठेवलं होतं."

ते एवढं कळायला त्यांना वेळ लागला. घागर हातातच होती, तिच्यातून पाणी त्यांच्या पायांवर सांडत होतं.

"म्हणजे तिथंच होता," ते म्हणाले. "मी रोज पुसत होतो, आणि हा तिथंच मागं होता."

"हो चाचा."

"सव्वीस वर्षं."

त्यांनी घागर खाली ठेवली आणि आत हाक मारली. नसीम बाहेर आली. पिवळे कपडे, केसांना फुलं, आणि कोपरापर्यंत ओली मेंदी, त्यामुळे दोन्ही हात अंगापासून दूर धरलेले. मागोमाग तिची अम्मी आली आणि मला बघून दारातच थांबली.

"हे काय, अब्बा?"

चाचांनी ते सगळं पुन्हा पुन्हा मनात म्हणून ठेवलेलं असणार. तरी बोलताना अडखळले. "तू एकदा विचारलं होतंस मला. सहावीत होतीस. लढाईत आपलं कोण होतं. तेव्हा मला सांगता आलं नाही. हे बघ. इथं. हा पाणी घेऊन उभा आहे तो. नाव माहीत नाही, पण होता. आपलं माणूस होतं तिथं."

नसीमने वाकून पाहिलं. चित्र बघताना तिचा चेहरा मला नीट दिसत होता, कारण चौकट मी धरली होती. ती त्या माणसाकडे बघत होती, आणि मग तिने नजर त्याच्यावरून अब्बांकडे वळवली.

"तुम्ही अकरा वर्षं हे शोधत होतात?"

"शोधत म्हणजे काय, सापडलं."

"अब्बा, मी त्याच्यासाठी नव्हते रडले."

चाचांना ते समजलं नाही. मलाही नाही.

"पोरं हसली त्याचं मला काही वाटलं नाही," नसीम म्हणाली. "ती रोजच हसायची कुणाला ना कुणाला. पण मी दाराकडं बघितलं तर तुम्ही बादली खाली ठेवलेली, आणि मान खाली घातलेली. तुम्हाला ऐकू गेलं म्हणून मी रडले. घरी आल्यावर तुम्ही विचारलंत काय झालं, तर ते कसं सांगणार होते मी? म्हणून तोंडात आलं ते विचारलं."

आतलं गाणं संपून दुसरं सुरू झालं. अम्मी दाराची चौकट धरून उभी होती. मी बघत राहिले चाचांकडे. परवा माझ्या दुकानात बाकावर बसून त्यांनी त्या तासाचा शब्दन् शब्द सांगितला होता मला.

"मला?" चाचा म्हणाले. "मला कुठं काय ऐकू आलं? रांजणात पाणी पडत होतं. केवढा आवाज असतो त्याचा. मला तर तू सांगेपर्यंत काही माहीतच नव्हतं."

नसीमने त्यांच्याकडे पाहिलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही.

"खरंच?"

"अगं, खरंच."

"मग बरं झालं," ती म्हणाली. दोन्ही हात दोन बाजूंना लांब धरून, त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याला मेंदी लागू न देता, तिने कपाळ त्यांच्या छातीवर टेकलं, आणि ते तिच्या केसांतली फुलं सांभाळत तसेच ताठ उभे राहिले.